सरकारी मुराळी

माझ्या नेमणुकीच्या कागदावर 'कुटुंब नियोजन प्रचारक' असं पद लिहिलेलं होतं. पाथर्डी तालुक्यातल्या डोंगराकडच्या वाड्या-वस्त्यांवर मात्र त्या नावानं मला कुणी कधी हाक मारली नाही. पहिलं वर्षभर मी 'आप्रेशनवाला' होतो. मी दिसलो की बापे लोक बांध ओलांडून पसार व्हायचे. दुसऱ्या वर्षापासून मी 'सरकारी मुराळी' झालो. ही बढती सरकारनं दिली नव्हती, पण नोकरीत मिळालेल्या सगळ्या बढत्यांत मला हीच मिरवावीशी वाटते. संपादकांचं 'नोकरीतलं काहीतरी लिहा' असं पत्र आलं तेव्हा बाकीचं सगळं बाजूला सारून मी हेच लिहायला बसलो.

शहरातल्या आजच्या वाचकांसाठी सांगतो. लग्न झालेल्या मुलीला सणावाराला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. बहुधा भाऊच, नाहीतर चुलता किंवा मामा. तो माहेरची शिदोरी घेऊन येतो, ओसरीवर बसतो आणि सासूनं 'न्या' म्हणेपर्यंत उठत नाही. सासू नाही म्हणू शकते, पण मुराळ्याला मोकळ्या हातानं परत लावणं हे कुठल्याच घराला शोभत नाही. सासरी रात्रंदिवस राबणारी पोरगी डोळे लावून बसायची ती याच माणसाच्या वाटेकडे.

आता हे काम सरकारी कसं झालं, ते ऐका.

मी मूळचा कोपरगावकडचा, कालव्याच्या पाण्यावर वाढलेला. नोकरी लागली ती पार उलट्या टोकाला, जिथं फेब्रुवारीतच विहिरींचे तळ दिसतात. वय चोवीस, लग्न व्हायचं होतं, आणि काम काय, तर परक्या बायाबापड्यांना मुलं किती व्हावीत ते सांगायचं. सायकलीला कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेली कॅनव्हासची पिशवी अडकवलेली, तिच्यात निरोधची पाकिटं आणि एक चित्रांचा तक्ता. तक्त्यावर सुखी कुटुंब होतं: आई, बाप, दोन गुटगुटीत मुलं, आणि मागं फळीवर रेडिओ. एका वाडीत मी पाऊण तास जीव तोडून बोललो. शेवटी एक म्हातारबाबा उठले आणि म्हणाले, "समदं पटलं. आता रेडू कवा देनार तेवढं सांगा." पुढं तीन वाड्यांत लोक माझी वाट बघत होते ती रेडिओसाठी.

आमच्या आरोग्य केंद्रात रूथबाई नावाच्या नर्स होत्या. नगरच्या मिशन दवाखान्यात शिकलेल्या, पन्नाशीच्या, कडक इस्त्रीची पांढरी साडी आणि त्याहून कडक जीभ. पंचक्रोशीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. एक दिवस त्यांनी माझी पिशवी टेबलावर पालथी केली.

"वसंता, यातलं माझ्या पोरींसाठी काय आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. तीन मुलं झालेल्यांसाठी ऑपरेशन होतं, एक-दोन झालेल्यांसाठी लूप होता. चौदा-पंधरा वर्षांची नवी नवरी आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हती. कायद्यानं तेव्हा मुलीच्या लग्नाचं वय पंधराच होतं आणि तेही कुणी विचारत नव्हतं.

"पोरीचं हाड अजून वाढतंय आणि तिच्या पोटात पोर," रूथबाई म्हणाल्या. "गेल्या पावसाळ्यात दोघी गेल्या माझ्या हातावर. त्यांना मरायच्या आधी एक मूल झालेलं असतं, तर तुझ्या सरकारनं त्यांची दखल घेतली असती."

आमच्या भागात लग्नं लवकर व्हायची त्याला एक कारण होतं, ऊसतोडीचं. दसरा-दिवाळी झाली की अर्धा तालुका बैलगाड्या जुंपून बागायती भागात ऊस तोडायला जायचा. तोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी: त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधून वाहायच्या. एकट्याला टोळीत जागा नाही. म्हणून मुलाला मिसरूड फुटतं न फुटतं तोच त्याला बोहल्यावर चढवायचे आणि कोयता पुरा करायचे.

रूथबाईंनी यावर उपाय काढला होता. पोथीतलाही नाही, पुस्तकातलाही नाही. त्यांनी नुसतं पंचांग समोर धरलं. लग्नाचं पहिलं वर्ष हे सणांचं वर्ष. आखाडात नवी नवरी माहेरी राहते, मग नागपंचमी, मग दिवाळी, मग संक्रांत, मग आखाजी. प्रत्येक सणाला मुलगी न्यायची रीत आहेच. ती सगळी नीट पाळली तर वर्षातले पाच-सहा महिने पोरगी आईजवळ राहते. पण गरिबाघरी न्यायला जायला माणूसच मोकळा नसतो, म्हणून पोरी सासरीच राहतात.

"आपण नवीन काहीच सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचीच रीत त्यांना पाळायला लावायची. दोन वर्षं अशी काढली की पोरगी सोळा-सतराची होते. भाऊ नसेल तिथं तू जायचं."

"मी? मुराळी?"

"का, काय कमी आहे तुला? सायकल आहे, दोन पाय आहेत. मुराळ्याला आणखी काय लागतं?"

त्या दिवशी मी खूप हसलो, आणि मग रात्रभर मला झोप आली नाही. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच मला एखादी गोष्ट करून बघावीशी वाटली होती.

आमची पहिली पोरगी म्हणजे बोरमाळची यमुना. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, चौदा सरून पंधरावं लागलेलं. भाऊ नाही, बाप नाही. आई हिराबाई, मोलमजुरी करणारी, डावखुरी, बोलायला भिणारी. मी मुराळी जातो म्हटल्यावर त्या माऊलीनं माझ्या हातात कानवल्यांची दुरडी दिली आणि माझ्याच पाया पडायला वाकली. मी कसाबसा मागं सरलो.

यमुनेचं सासर खडकवाडीला. सासू चंद्रभागाबाई विधवा होत्या, एकुलता मुलगा बबन अठराएक वर्षांचा. सायकलीवरून उतरून मी सांगितलं, "मी यमुनेचा मानलेला भाऊ. आखाडाचं न्यायला आलोय." बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. सावळ्या, उंच, कपाळ मोकळं. मला त्या साठीच्या वाटल्या. पाय धुवायला पाणी दिलं, घोंगडी अंथरली आणि म्हणाल्या, "लांबून आलायसा. जेवून घ्या, मग बोलू."

आखाड होता, कोंबडी कापली. बाजरीची भाकरी, झणझणीत रस्सा, वर कांदा. सकाळपासून सायकल मारून मी भुकेनं कासावीस झालो होतो. मी तीन भाकरी चापल्या. यमुना चुलीपुढून माझ्याकडे टकामका बघत होती आणि मला वाटलं, पोरगी कौतुकानं बघतेय. हात धुतल्यावर मी खुशीत म्हटलं, "मग निघू आम्ही?"

चंद्रभागाबाईंनी माझ्या हातावर सुपारी ठेवली. "आता पंचमीला या, भाऊ."

मी परत आलो. केंद्रात पोचल्यावर रूथबाईंनी एकच विचारलं, "जेवलास?"

"हो. कोंबडी होती."

त्यांनी कपाळावर हात मारला. तेव्हा मला कळलं की आमच्या त्या भागात मुराळी पाठवणीचा शब्द मिळेपर्यंत पाणी पितो, पण अन्नाला शिवत नाही. तो उपाशी बसला की घरातलंही कुणी जेवत नाही, आणि मग सासूला निर्णय करावाच लागतो. जेवला म्हणजे त्याचं म्हणणं संपलं. सगळ्या तालुक्याला ठाऊक असलेली ही गोष्ट बागायतीतल्या मला कुणी सांगितली नव्हती, आणि मी विचारलीही नव्हती. "एका कोंबडीवर पोरगी सोडून आलास," रूथबाई म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्यानंतर मात्र मी शिकलो. त्या वर्षी किती ओसऱ्यांवर मी उपाशी बसलो असेन! एका घरी सकाळी गेलो तो दिवेलागणीपर्यंत बसलो. शेवटी सासऱ्यालाच भूक अनावर झाली आणि तो बायकोवर ओरडला, "आगं लाव की पोरीला! हितं आतडी पिळून निघाल्यात!" पोरगी गठुळं घेऊन धावतच बाहेर आली. सायकलीच्या कॅरिअरवर बसून वाटभर ती मोठमोठ्यानं गाणी म्हणत होती. तिच्या माहेरच्या वेशीत शिरताना मला दिल्ली जिंकल्यासारखं वाटलं. अशा सात-आठ पोरी आम्ही सणासणाला आणल्या. माहेरी आल्या की रूथबाई त्यांना गाठायच्या आणि अंगणात बसवून सगळं स्वच्छ शब्दांत सांगायच्या, नवऱ्याशी काय बोलायचं, कसं बोलायचं, सगळं. नवऱ्यांशी बोलायचं काम माझ्याकडे होतं. वैद्यकीय अधिकारी भला माणूस. मासिक अहवाल बघून त्यानं विचारलं, "हे 'मुराळी आठ' कुठल्या रकान्यात घालू?" मी म्हटलं, "इतर."

यमुनेच्या घरी मी पंचमीलाही गेलो, पण ती तोवर आईजवळ यायच्या अवस्थेत नव्हती. उलट्यांनी बेजार होती. चंद्रभागाबाईंच्या तोंडावर समाधान होतं. मी काय समजायचं ते समजलो. दिवाळी होताच टोळी कोपरगावकडे निघून गेली आणि गाडीत मागं, पातेल्यांच्या आणि गोधड्यांच्या मधे, यमुनाही गेली.

संक्रांत होऊन महिना झाला असेल. हिराबाई सकाळीच केंद्राच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. टोळीतला कुणी माणूस गावाकडं येऊन गेला होता. त्यानं सांगितलं, यमीचं तोंड सुजलंय, पाय खांबासारखे झालेत, डोकं धरून बसते आणि तरी मोळ्या वाहते.

"कितवा महिना?" रूथबाईंनी विचारलं.

"आठवा लागला आसंल. पयलं बाळंतपन माहेरी व्हतंय ना, बाई? मंग तिला कोन आननार?"

रूथबाईंचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. त्यांनी मला आत नेलं. "हे विष चढल्यासारखं असतं. आधी सूज, मग डोकं, मग डोळ्यांपुढं अंधारी, मग झटके. झटके आले की आई आणि पोर, दोन्ही हातचे जातात. तिच्या नडगीवर अंगठा दाब. खड्डा पडून तसाच राहिला तर एक खूण. डोकं दुखतं का विचार. नीट दिसतं का विचार. तिन्ही असतील तर इकडं आणू नकोस. तिथल्या तिथं कोपरगावच्या दवाखान्यात ने, त्याच घटकेला."

मी निघालो. हिराबाईंनी पाच कानवले करून दिले. एसटीत दुरडी सांडेल म्हणून मी ते माझ्या कॅनव्हासच्या पिशवीत ठेवले. पिशवीवर लाल त्रिकोण आहे हे माझ्या ध्यानातही आलं नाही. दोन वर्षांत तो त्रिकोण मला दिसेनासाच झाला होता.

नगरला गाडी बदलून दुपारी कालव्याकाठी उतरलो. हा माझा मुलूख. लहानपणी आमच्या शेताच्या कडेला तोडकऱ्यांच्या अशाच कोप्या, पाचटाच्या झोपड्या, पडायच्या आणि आम्ही पोरं तिथं उसाची कांडी चघळत हुंदडायचो. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीवर चढणाऱ्या त्या बायांची वयं काय असतील, असं मला तेव्हा कधी वाटलं नव्हतं. मोठा झाल्यावरही वाटलं नव्हतं. वाटेत चालताना याची मला भयंकर लाज वाटली.

टोळी सापडली. कोपीपुढं चंद्रभागाबाई वाढ्याच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत होत्या. मला बघून त्यांनी डोळे बारीक केले.

"कोंबडी न्हाई आज," त्या म्हणाल्या.

"जेवायला नाही आलो, मावशी. यमुनेला न्यायला आलोय. पहिलं बाळंतपण आहे."

"हंगाम सपला की मीच आनून घालते. आता न्हाई. आमचा येकच कोयता हाय, त्यो मोडला तर मुकादम टोळीतनं काडंल. मंग खायाचं काय?"

तेवढ्यात मुकादम आला आणि पाठोपाठ यमुना, डोक्यावर मोळी घेऊन. मी तिला ओळखलंच नाही. चेहरा फुगलेला, डोळ्यांच्या नुसत्या चिरा राहिलेल्या. मोळी टाकून ती खालीच बसली. मी पुढं झालो आणि सगळ्यांसमक्ष तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, आणि राहिला.

"डोकं दुखतं?"

"लई. चार दीस झालं."

"दिसतं का नीट?"

ती गाडीकडं बघत म्हणाली, "दादा, आपल्या गाडीला चार बैलं दिसत्यात."

बैल दोनच होते. दवाखान्याचं नाव काढलं तर ही माणसं बिथरतील, म्हणून मी घाईघाईनं रीतीवर आलो. खाली मांडी ठोकली आणि पिशवीतून कानवले काढले. "ही आईची शिदोरी. हो म्हणेपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही आणि उठणार नाही."

पण मुकादमाची नजर शिदोरीवर नव्हती, पिशवीवर होती. "ह्यो तिकोन बघा! ह्यो आप्रेशनवाला हाय! पोरीला निऊन कापनार, पोटातलं काडून घेनार!"

एका क्षणात वीस-पंचवीस माणसं भोवती जमली. कुणी म्हणे, शिदोरीत औषध कालवलंय. कुणी म्हणे, हाणा ह्याला. चंद्रभागाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला बरोबर कोंडीत पकडलं.

"औषिद न्हाई म्हंतोस? मंग खा की त्यातला येक. आमच्या म्होरं खा."

काय करावं? खाल्ला, तर मुराळी जेवला. माझा हक्क संपला, आखाडातल्यासारखाच. नाही खाल्ला, तर विष ठरलं. वर ऊन तळपत होतं, पोरगी डोकं धरून बसली होती, आणि एवढं सगळं एका कानवल्यावर येऊन अडलं होतं. रूथबाईंनी सगळं सांगितलं होतं, हे नव्हतं सांगितलं.

तेव्हा यमुनेनं हात पुढं केला. तिनं चाचपडत एक कानवला उचलला आणि बोट त्याच्या कडेवरून फिरवलं. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, पण बोटांना कळलं.

"ही मुरड माज्या आयचीच हाय," ती म्हणाली. "ती डाव्या हातानं घालती. दुसऱ्या कुनाची अशी पडत न्हाई." आणि तिनं तो तोंडात घातला. खाताना ती रडत होती. इतके महिने तिनं कुणाकडं काही मागितलं नव्हतं.

मग गर्दीतून बबन पुढं आला. माझा त्याच्यावर फार राग होता, पण जवळून बघितलं तर ते पोरच होतं, ओठावर जेमतेम लव. त्यानं दुसरा कानवला उचलून खाल्ला, तोंड पुसलं आणि अर्ध्या भरलेल्या गाडीवर चढून मोळ्या खाली फेकायला लागला.

"आरं ए! उसाची गाडी हाय ती!" मुकादम धावला.

"ऊस काय मरतोय व्हय दोन तासात!" बबन ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "तुला कोयता मोडायचा तर मोड!"

मी गाडीकडं धावलो. दोघांनी मिळून मोळ्या फेकल्या. यमुनेला वर घेतलं. बैल हाकणार तोच चंद्रभागाबाई कोपीतून गोधडी घेऊन बाहेर आल्या, चाकावर पाय देऊन गाडीत चढल्या आणि सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.

ती सहा-सात मैलांची दौड! आजही सांगताना माझा ऊर धपापतो. बबन उभा राहून बैल पळवत होता. कारखान्याच्या रस्त्याला ऊस भरलेल्या गाड्यांची रांग लागलेली. मी पुढं पळत, हातातली पिशवी फिरवत ओरडत होतो, "बाजू! बाजू! पोटुशी बाई आहे!" आणि गाडीवान, ते सगळे आमच्याच डोंगराकडचे, एकामागून एक गाड्या कडेला ओढत होते. कुणी ओरडायचे, "पळीव रं, मर्दा!" एकानं तर आपला ताजा बैल काढून आमच्या थकलेल्या बैलाच्या जागी जुंपला. नावगाव न विचारता. त्या लाल त्रिकोणाला बघून पळणारी माणसं त्या दिवशी त्याला वाट देत होती.

दवाखान्याच्या दारातच यमुनेला पहिला झटका आला. चंद्रभागाबाईंनी तिला घट्ट धरून कुशीवर वळवलं. डॉक्टर आणि नर्स धावत आले आणि तिला आत घेऊन गेले. एका अंधाऱ्या खोलीत ठेवलं, इंजेक्शनं दिली आणि आम्हाला सांगितलं, आवाज करू नका. बबन व्हरांड्यात बैलाचा कासरा हातात घेऊन बसला होता. बैल बाहेर झाडाला होते आणि कासरा याच्या हातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झाली. एवढीशी, कापसात गुंडाळलेली, पण आवाज असा की दोन खोल्या पलीकडचे रुग्ण उठून बसले. यमुना वाचली. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडून बबनला विचारलं, "तू जेवला का?" मला इतका आनंद झाला की मी बाहेर जाऊन ओळख ना देख अशा चार माणसांना चहा पाजला.

त्याच दुपारी व्हरांड्यात चंद्रभागाबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"मी बी चौदाचीच हुते," त्या म्हणाल्या. "तीन झाली मला. तिन्ही गेली, मोळ्या वाहता वाहता. चवथा ह्यो. दर सनाला मी वाटंकडं बघत बसायची. कुनी आलं न्हाई. सासू म्हनायची, तुला कोन न्ह्यायला येतंय, तू काय राजाची हायेस का."

"माहेरी कुणीच नव्हतं?"

"भाऊ हाय की. धाकला. मिरी गावाकडं असतोय. त्याचं बी खरं हाय, त्याला तरी न्ह्यायला जा म्हनून कुनी सांगितलं?"

मी मनात हिशेब केला. चौदाला लग्न, चौथा बबन, बबन अठराचा. ही बाई अडतीस-चाळिशीची होती. मी तिला साठीची समजत होतो, आणि मनातल्या मनात सगळा दोष तिच्यावर टाकून मोकळा झालो होतो. आखाडात जेवून बसल्याचा दोष तर मी कोणावरच टाकू शकत नव्हतो. तिला मी ते सांगितलं. ती म्हणाली, "मी मुद्दामच वाडलं हुतं. मला ठावं हुतं, तुमाला रीत म्हाईत न्हाई."

मुकादमानं कोयता मोडलाच, तिघांना टोळीतून काढलं. पण त्या वर्षी पाऊस आला नाही आणि बहात्तरचा दुष्काळ सगळ्यांवरच कोसळला, तेव्हा तोडीला जाणारे आणि न जाणारे सगळेच खडी फोडायला बसले. आमच्या केंद्राजवळच्या पाझर तलावाच्या कामावर बबन, यमुना आणि चंद्रभागाबाई होत्या. रूथबाईंनी भांडून तिथं पाळणाघर उभं करवलं, आणि अंगावर पाजणाऱ्या पोरींना दगडावरून उठवून तिथल्या कामाला लावलं. सुखडी, म्हणजे दुष्काळी कामावरचा सरकारी खाऊ, वाटायची तर आधी त्यांना, असा त्यांचा हुकूम होता. बबन दर पंधरा दिवसांनी माझ्याकडं यायचा आणि चार माणसांत हात पुढं करून म्हणायचा, "द्या पाकिटं. यमी म्हंती, पोरगी चालाया लागूस्तवर न्हाई." तीन वर्षांच्या माझ्या भाषणांनी जे झालं नव्हतं, ते त्याच्या त्या एका वाक्यानं झालं. बाकीची पोरंही हळूहळू मागायला लागली. सगळं असंच गोड झालं असं नाही. आम्ही ज्यांच्यापर्यंत पोचलोच नाही अशा पोरींची संख्या मोठी होती, आणि त्यातल्या काही रूथबाईंना शेवटपर्यंत नावानिशी आठवत होत्या.

त्या दिवाळीला मी मिरीकडं गेलो, चंद्रभागाबाईंच्या भावाला शोधत. बिचारा पटका सावरत म्हणाला, "आता आक्काला न्ह्यायचं? सून आली तिला, नात झाली. लोक हसतील." मी म्हटलं, "हसू देत. तुम्ही चला. आणि हे बघा, तिथं जेवू नका."

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तो तलावाच्या कामावर आला, डोक्यावर नवा पटका, हातात दुरडी. मी लांब खोऱ्यांच्या ढिगापाशी उभा होतो. कुणीतरी ओरडलं, "चंद्रभागाबाईला मुराळी आलाय!" आणि एकेक हातोडा थांबत गेला.

चंद्रभागाबाई दगडावरून उठल्या. भावाकडं बघितलं, दुरडीकडं बघितलं. पदर डोक्यावर ओढला आणि तो पुन्हा पुन्हा ओढत राहिल्या. त्यांच्या घरात नाही म्हणायला सासू उरली नव्हती, हो म्हणायलाही कुणी नव्हतं. त्या वळून पाळणाघराच्या दारात उभ्या असलेल्या सुनेकडं गेल्या. सोळा वर्षांची यमुना, काखेला पोर.

"जाऊ का गं?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक होता की मला तो ओठांवरूनच कळला.

यमुनेनं पोर बबनच्या हातात दिलं, पुढं होऊन सासूच्या हातातला हातोडा काढून घेतला आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल असं म्हणाली, "जावा, आत्याबाई. म्हयनाभर येऊ नगा!"